नैराश्य आणि चयापचय : एकाच पिशवीतल्या दोन फायली

रानजाई | सोमवार, रात्री ९.१०

गेल्या महिन्यात दवाखान्याची पिशवी आवरायला घेतली तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. पिशवीत दोन फायली आहेत. निळ्या फायलीत मधुमेहाचे २०१८ पासूनचे कागद आहेत, तर पिवळ्या फायलीत मानसोपचारतज्ज्ञांकडचे मागच्या साडेतीन वर्षांचे. मला नैराश्यावरच्या गोळ्या चालू असल्याची निळ्या फायलीत एकही नोंद नाही, आणि पिवळ्या फायलीत माझे वजन एकदाही लिहिलेले नाही. दोन्ही डॉक्टर सज्जन आहेत, दोघांचे दवाखाने एकाच रस्त्यावर आहेत आणि मी दोघांकडेही नियमित जाते. तरीही या दोन फायलींची आजवर गाठ पडली नाही, आणि ती घालून देणे आपल्या हातात आहे हे मलाही कधी सुचले नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ५१. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात माझे सकाळचे फिरणे सुटले. आधी वाटले पावसामुळे सुटले असेल, पण दिवाळी आली तरी पायांत बूट गेले नाहीत. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी फ्रिजवर पडून राहिली आणि तिथेच तिची मुदत संपली. रात्री अकराच्या सुमारास सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, उभ्या उभ्या डब्याच्या झाकणात शेव घेऊन खायची हा नेम झाला. भूक नसायची आणि चवही लागत नसे. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.१ वरून ९.४ वर गेले. फिजिशियन म्हणाले, ‘बाई, तुम्ही पथ्य पाळत नाही.’ ते खरेच होते, पण पथ्य का पाळले जात नाही हे ना त्यांनी विचारले, ना मी स्वतःला. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तीन आठवडे दाराशी तसाच पाहून शेवटी मुलानेच ओळखले की आईचे काहीतरी बिनसले आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी मिर्टाझापिन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. झोप लागू लागली, कारण नसताना येणारे रडू थांबले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मात्र भूक अशी खवळली की पाच महिन्यांत वजन सात किलोंनी वाढले. मग निळ्या फायलीतल्या डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली.

फायली पाहिल्यापासून मी यावर जमेल तेवढे वाचते आहे. मधुमेहींच्या लघवीतल्या गोडव्याची नोंद करणारे १७व्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी या रोगाच्या कारणांत दीर्घकाळचे दुःखही धरले होते. अलीकडचे सांगायचे तर २००१ साली ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. २००८ च्या दुसऱ्या एका आढाव्यात क्रम लावून पाहिला गेला. आधी नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक निघाला, तर आधी मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका केवळ १५ टक्क्यांनी. माझ्या बाबतीत मधुमेह आधी आला, त्यामुळे हा आकडा पाहून मी थोडी चक्रावले.

माझे प्रश्न दोन आहेत. या दोन आजारांत नेमका कोणता दुवा आहे? आणि दोन्हींचे उपचार एकमेकांना विचारून झाले, असा अनुभव कुणाला आला आहे का?

ताम्हिणी | सोमवार, रात्री १०.२५

लेखन प्रांजळ आहे, म्हणूनच शंकाही स्पष्टपणे मांडतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या समूहात नैराश्याचे असंख्य रुग्ण निव्वळ योगायोगानेही सापडतील. योगायोग वजा करूनही संबंध उरला, तरी दोन्हींच्या मुळाशी तिसरेच कारण असू शकते. मी चाकणला पाळीच्या नोकरीत आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप, जेवण आणि स्वभाव ही तिन्ही एकदमच बिघडतात, त्यात कुणी कुणाला बिघडवले हे ठरवता येत नाही.

दुसरी शंका मोजमापाची आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. त्यातले तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांविषयी आहेत. साखर ३०० असलेला माणूस रात्री चारदा लघवीला उठतो, दिवसभर थकलेला असतो आणि त्याला भूकही वेडीवाकडी लागते. मन ठणठणीत असूनही त्याचे गुण वाढणारच. मग हा ‘दुप्पट’ आकडा कितपत खरा मानायचा?

कंदील | मंगळवार, सकाळी ७.०५

मी मानसोपचार क्षेत्रात वीस वर्षांहून अधिक काळ आहे. इथे कुणालाही वैयक्तिक सल्ला देणार नाही, पण वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत आणि ताम्हिणी यांच्या शंका तर आमच्या चर्चांतही नेहमी निघतात.

मोजमापाचा मुद्दा बराचसा मान्य. प्रश्नावलीत दहा किंवा अधिक गुण पडले की नैराश्य, असे समीकरण नसते. ती चाळणी आहे, निदान मुलाखतीने होते. मुलाखत घेऊन केलेल्या अभ्यासांत नैराश्याचे प्रमाण खाली येते, पण मधुमेही आणि इतर यांच्यातला फरक शिल्लक राहतो. शिवाय नैराश्याहून वेगळी अशी एक अवस्था आहे, तिला मी मधुमेहाचा वैताग म्हणतो. रोज बोट टोचायचे, लग्नात जिलबी नाकारायची, वर नातेवाइकांची व्याख्याने ऐकायची, याने माणूस पिचतो. अमेरिकेत १९९५ साली त्यासाठी वीस प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. वैतागावर गोळी देऊन उपयोग होत नाही आणि नैराश्याला वैताग म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. म्हणून पहिले काम या दोहोंची फारकत करण्याचे.

आता दुव्याविषयी. रानजाई यांनी फ्रिजवरच्या पट्ट्या आणि झाकणातली शेव सांगितली, तो एक दुवा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. दुसरा शरीराच्या आतला आहे. ताण दीर्घकाळ टिकला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते. त्याच्या प्रभावाने यकृत रक्तात जास्त साखर सोडते, स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. पोटातली ही चरबी म्हणजे नुसते गोदाम नव्हे. ती दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे शरीराची बचावासाठी सूज आणणारी प्रतिक्रिया) वाढवणारी रसायने रक्तात सोडते आणि त्यांचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात. ही कल्पनेची भरारी नाही. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर पोटातून घ्यायची आजची औषधे येण्यापूर्वी प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. दाहाची यंत्रणा अशी बाहेरून जागी केल्यावर बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत नैराश्य येत असे, आणि त्यांतल्या अनेकांना आधी असला त्रास कधी झालेलाही नसे. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्हाला त्यासाठीच पोटविकारांच्या वॉर्डात बोलावणे यायचे.

मात्र याचा अर्थ नैराश्य म्हणजे दाह, असा कुणी काढू नये. अमेरिकेत अटलांटा येथे ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. सरसकट पाहता औषध आणि नकली औषध यांत फरक पडला नाही, पण ज्यांच्या रक्तात सीआरपी हा दाहाचा निर्देशक ५ च्या वर होता त्यांना उपयोग झाल्याचे दिसले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासाने असेच काहीसे दाखवले. भूक मेलेली, वजन उतरणारे आणि पहाटे जाग येणारे नैराश्य असलेल्यांत कॉर्टिसॉलचा बिघाड ठळक होता. अति खाणे, अति झोप आणि हातापायांत शिसे भरल्यासारखा जडपणा असलेल्यांत कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी आणि दाह वाढलेले होते. नाव एक असले तरी ‘नैराश्य’ या शब्दाच्या पोटात एकाहून अधिक आजार नांदत असावेत, असे मला वाटते. म्हणूनच सरासरीच्या आकड्यावरून एका व्यक्तीविषयी बोलताना जपून बोलावे लागते.

आता आमच्या बाजूची कबुली. मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन, पॅरॉक्सेटिन यांनी वजन वाढू शकते. ओलान्झापिन आणि क्वेटायपिन या गंभीर मनोविकारांवरच्या औषधांनी तर वजन, साखर आणि चरबी ही तिन्ही वाढू शकतात. ही औषधे वाईट नाहीत. ज्याला झोप नाही आणि अन्न जात नाही त्याला मिर्टाझापिन वरदान ठरते. पण ती सुरू करण्यापूर्वी वजन, घेर, रक्तदाब, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) यांची नोंद व्हावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा व्हावी, हे पाठ्यपुस्तकात असते. प्रत्यक्षात आमच्या अनेक खोल्यांत वजनकाटाच नसतो. माझ्याकडेही सात-आठ वर्षांपूर्वी आला. त्यासाठी जागा करायला मासिकांचे टेबल हलवावे लागले.

उंबरठा | मंगळवार, दुपारी १.४०

वजनामुळे गोळ्या बंद करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर माझा अनुभव वाचावा. माझे वजन नऊ किलोंनी वाढले तेव्हा मी डॉक्टरांना न सांगता गोळ्या सोडल्या. पहिले दहा दिवस चक्कर, घाम आणि भीतीदायक स्वप्ने यांत गेले. दोन महिन्यांनी मी अंथरुणातून उठेनासा झालो. वजन मात्र तिळभरही उतरले नाही, कारण आता मी दिवसभर पडूनच होतो. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘वजनाचे आधी सांगितले असतेत तर औषध बदलले असते.’ ते बदलले, हळूहळू बदलले आणि आता मी ठीक आहे. वजनाचे मी त्यांना पाच महिने आधी का बोललो नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. बहुधा मला वाटत होते की मनाच्या डॉक्टरांना पोटाचे काय सांगायचे.

मोहोर | मंगळवार, रात्री ८.१५

मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. कंदील यांनी घेराचा उल्लेख केला, तिथे थोडे थांबते, कारण घरी करता येण्यासारखी तपासणी तीच आहे आणि ती नेमकी चुकीची केली जाते.

चयापचयाचा बिघाड ओळखताना पाच गोष्टी पाहतात आणि त्यांतल्या तीन बिघडलेल्या असल्या तर त्याला चयापचय संलक्षण (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात : कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० हून आणि स्त्रियांत ५० हून कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. घेराची मर्यादा आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे, म्हणजे युरोपीय लोकांपेक्षा कमी. त्यामागचे कारण पुण्याच्या लोकांना ठाऊक असायला हवे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे, मला कसली साखर’ असे म्हणणारे रुग्ण आले की मी हे दोन आकडे सांगते. नैराश्यात वजन न वाढलेल्यांनीही म्हणूनच गाफील राहू नये.

मोजायचे कसे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, टेप थेट त्वचेवर ठेवून. साडी नेसणाऱ्या बहुतेक बायका परकराच्या नाडीपाशी टेप लावतात. वर्षानुवर्षे नाडी आवळून तिथे खाच पडलेली असते, त्यामुळे घेर चांगला चार-पाच सेंटिमीटरने कमी येतो. पुरुषांचे पँटच्या मापावरून चालते, आणि पट्टा तर पोटाच्या खाली गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट या धाग्यावर अजून आलेली नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. बी-१२ ची कमतरता थकवा, विसरभोळेपणा आणि उदासी या वेषात येते, म्हणजे हुबेहूब नैराश्यासारखी. शिवाय लोह किंवा बी-१२ कमी असेल तर एचबीएवनसी वास्तवापेक्षा जास्तही दिसू शकते. त्यामुळे मधुमेहीला उदास वाटत असेल तर बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी आधी व्हावी असे माझे मत आहे. मनाचा आजार नाहीच असे ठरवण्यासाठी ती नको, तर दुसरे काही लपून राहू नये म्हणून हवी.

आहाराने नैराश्य बरे होते का, असे लोक विचारतात. ऑस्ट्रेलियात ६७ जणांवर बारा आठवड्यांची एक चाचणी झाली आणि ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार चालू ठेवून आहार सुधारलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक नैराश्यातून बाहेर आले, तर नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. चाचणी लहान आहे आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना ठाऊक होते, तेव्हा फार ताणू नये. त्यासाठी ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या आणायचीही गरज नाही. मटकीची उसळ, मेथी, ज्वारीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर बांगडा. यात जवळपास तेच येते. रानजाई, रात्रीची शेव बंद करा असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी सहाला काहीतरी पोटभरीचे खा, मग अकराचे आपोआप सैल होते.

सोनटक्का, लीड्स | मंगळवार, रात्री ११.५०

इथे गंभीर मनोविकार असलेल्यांची वर्षातून एकदा शारीरिक तपासणी व्हावी, असा आरोग्यसेवेचा नेम आहे. वजन, रक्तदाब, साखर, लिपिड, धूम्रपान आणि मद्यपान यांची त्यात विचारणा होते. माझ्या दिराला त्याचे पत्र दरवर्षी येते. मात्र साध्या नैराश्याच्या रुग्णांना हे पत्र येत नाही. तेव्हा फायली वेगळ्या राहण्याचा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे, असे समजायचे कारण नाही.

ताम्हिणी | बुधवार, सकाळी ६.३०

रात्रपाळीहून येऊन वाचले. पीएचक्यूबद्दलचे उत्तर पटले. अवांतर वाटेल, पण चरकसंहितेच्या निदानस्थानात वातज प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या एका प्रकाराच्या) कारणांत उद्वेग, शोक आणि जागरण यांची नावे आहेत. त्यातले जागरण वाचून मी क्षणभर थबकलो. अर्थात त्याच यादीत अतिव्यायाम आणि उपासही आहेत, तेव्हा त्यावरून ‘आपल्याला सगळे आधीच माहीत होते’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

माझा प्रश्न आता एवढाच आहे. दोन्हींचे उपचार एकत्र केल्याने फायदा होतो, याला भारतातला काही पुरावा आहे का? अमेरिकेतले दवाखाने आणि आपली ओपीडी यांची तुलना होऊ शकत नाही.

कंदील | बुधवार, दुपारी ३.२०

आहे, आणि तो चांगल्या दर्जाचा आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ जणांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली जामा या नियतकालिकात आले. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी प्रत्येक दवाखान्यात एक समन्वयक नेमला गेला, आणि तो डॉक्टर नव्हता. तो रुग्णाशी बोलायचा, मनःस्थिती आणि साखर दोन्हींची नोंद ठेवायचा, संगणक त्याला पुढचे पाऊल सुचवायचा, आणि मधुमेहतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी एकत्र बसून त्या नोंदी पाहायचे. दोन वर्षांनंतर नैराश्य निम्म्याने उतरले आणि शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट सुधारली, असे लोक समन्वयकाच्या गटात ७१.६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ५७.४ टक्के. एकत्रित उपचार बारा महिनेच होते, फरक मात्र चोविसाव्या महिन्यातही टिकला होता.

दुसऱ्या गटातल्याही निम्म्याहून अधिक लोकांना बरे वाटले, हे मुद्दाम सांगतो. उपचार घेत राहिले तर फायली वेगळ्या असूनही फायदा होतो. आणि नवे औषध यात कुठेच नव्हते. कागद एका टेबलावर आले आणि विचारपूस करणारे एक माणूस मिळाले, एवढाच काय तो बदल होता.

चालण्याविषयी रानजाई यांनी विचारले नसले तरी लिहितो. १९९९ साली अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १५६ जणांच्या चाचणीत सोळा आठवड्यांच्या व्यायामाने सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीइतकाच गुण आला होता. गुण गोळीने लवकर दिसू लागला, शेवटी बरोबरी झाली. परंतु नैराश्यातल्या माणसाला ‘रोज पाऊण तास चाला’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणे. मी सांगतो, बूट घालून फाटकापर्यंत जा आणि परत या. आठवडाभर तेवढेच करा.

ज्यांना मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनीसेवा आहे. क्रमांक १४४१६, ती चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर धाग्यावर उत्तराची वाट पाहू नये, त्याच क्षणी फोन करावा किंवा जवळच्या माणसाला उठवावे.

रानजाई | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६.४५

सर्वांचे आभार. काल सुट्टी काढून एकाच दिवशी दोन्हीकडे गेले. फिजिशियनांपुढे पिवळी फाइल ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन पाने वाचली, मिर्टाझापिनचे नाव निळ्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आणि म्हणाले, ‘हे मला ठाऊक असते तर तेव्हा गोळी वाढवण्याआधी थांबलो असतो.’ बी-१२ तपासायला सांगितले. मेटफॉर्मिन मी सात वर्षे घेते आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी निळी फाइल पाहून दुसऱ्या गोळीचा पर्याय सुचवला, पण शाळेच्या परीक्षा होईपर्यंत बदल नको असे आमचे ठरले. मिर्टाझापिनचा डोस तूर्त तसाच आहे. त्यांच्याकडे वजनकाटा नाही, म्हणून घरच्या काट्यावरचे वजन दर महिन्याला कळवायचे आहे.

ताम्हिणी, समन्वयक म्हणून मुलगा तयार झाला आहे. पगार विचारत होता. कंदील, फाटकापर्यंत चार दिवस गेले, पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत पोहोचले.

मोहोरताई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे टेप लावून घेर मोजला. निळ्या फायलीत ८८ लिहिले आहे, आणि तो आकडा मीच सांगितलेला होता. आता ९३ आला. वाढ किती आणि परकराच्या नाडीची किती, हे गणिताच्या शिक्षिकेलाही सुटेना, म्हणून ८८ खोडून कालच्या तारखेसह नवा आकडा दोन्ही फायलींत लिहून ठेवला आहे.